बॅटरी कुणाच्या दारात ठेवायची?



आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्या घरापासून फार तर दोन-तीनशे पावलांवर उभी असते. गावाकडे तिला डीपी म्हणतात, शहरात ट्रान्सफॉर्मर, आणि सरकारी मराठीत रोहित्र. ही मालिका ऐकणारी मराठी माणसं बडोद्यात आहेत, इंदुरात आहेत, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरला आहेत. भाषा बदलते, पण तो करडा, घरघरणारा डबा सगळीकडे तोच. त्याच्या शेजारी, त्याच्या मागे किंवा त्याच्या पुढे बॅटरी ठेवायची तर नेमकी कुठे, आणि ती वापरायची केव्हा, हा आजचा विषय.

माझी नोकरी एका वीज वितरण कंपनीत गेली, तीही बरीचशी उत्तरेत. एका मे महिन्यातली गोष्ट सांगतो. एका वसाहतीत चारशे केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता, त्यावर साधारण तीनशे घरं. तो बसवला तेव्हा त्या घरांत कूलर होते. पुढच्या काही वर्षांत घरोघरी एसी आले. उन्हाळ्यात आम्ही त्या ट्रान्सफॉर्मरसमोर दोन मोठे कूलर लावायचो. हसू नका. उत्तरेत अजूनही अनेक ठिकाणी हे करतात, कारण आतलं तेल तापलं की थंड करायला दुसरं काही हाताशी नसतं. तरीही एका रात्री अकराच्या सुमाराला तो जळाला. दुसरा आणून बसवेपर्यंत पहाट झाली. तीनशे घरांतली माणसं गच्चीवर आणि रस्त्यावर, लहान मुलं रडतायत, आणि आम्ही शिव्या खातोय. त्या गर्दीत एक आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, हा दिवसभर चालतो ना? मग रात्रीच का जळतो?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या नोंदवहीत होतं. तो ट्रान्सफॉर्मर वर्षातले बहुतेक तास अर्ध्या ताकदीनेही चालत नव्हता. उन्हाळ्यातल्या काही रात्री, दहा ते एक, एवढाच वेळ त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त भार यायचा. त्या तासांत आतल्या तांब्याभोवतीचा कागद करपत जायचा. ट्रान्सफॉर्मरवाल्यांचा एक ठोकताळा आहे: आतल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर दर सहा अंशांनी वाढलं की त्या कागदाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर एका रात्रीत जळालेला दिसतो, पण मरत तो कित्येक उन्हाळे असतो.

मग त्या तीन तासांची वीज आधीच भरून ठेवली तर? साधा हिशेब करू. समजा ट्रान्सफॉर्मरला तीनशे ऐंशी किलोवॅट झेपतात आणि भार चारशे चाळीसपर्यंत जातो. जास्तीचे झाले साठ किलोवॅट. ते तीन तास धरले तर एकशे ऐंशी युनिटं. पण भार सलग साठने जास्त राहत नाही, तो चढतो आणि उतरतो, म्हणून प्रत्यक्षात शे-सव्वाशे युनिटांत भागतं. इथे एक फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. किलोवॅट म्हणजे नळ किती जाड, आणि युनिट म्हणजे टाकी किती मोठी. बॅटरी घेताना दोन्ही विचारावं लागतं. टाकी मोठी आणि नळ बारीक असेल तर रात्री अकराला उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीबद्दल बाकी सगळं विसरलात तरी हे एक लक्षात ठेवा: बॅटरी फक्त तिच्या मागच्या जाळ्याला आराम देते. मागचं म्हणजे वीज जिथून येते ती बाजू. पुढच्या, म्हणजे घरांकडच्या बाजूला ती आराम देऊ शकत नाही, कारण तिची स्वतःची वीज त्याच पुढच्या तारांमधून जायची असते. मागची वीज गेलीच तर ती पुढच्या घरांना काही काळ वीज देऊ शकते, तेही तशी सोय मुद्दाम केली असेल तरच.

हे डोळ्यांसमोर ठेवून आपल्या देशातली तीन ठिकाणं पाहू.

पहिलं ठिकाण उपकेंद्र. दिल्लीत रोहिणीला फेब्रुवारी २०१९ मध्ये दहा मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. टाटा पॉवर, एईएस आणि मित्सुबिशी यांचा तो प्रकल्प. इतक्या मोठ्या प्रमाणात, थेट ग्रिडला जोडलेली बॅटरी भारतात त्याआधी नव्हती. मग २०२५ मध्ये दक्षिण दिल्लीत किलोकरीच्या उपकेंद्रात वीस मेगावॅट आणि चाळीस मेगावॅट-तासांची बॅटरी आली. नळाच्या आणि टाकीच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण जोराने सोडली तर दोन तास पुरणारी. दिल्लीला हे का लागतं? १९ जून २०२४ ला दुपारी तीनच्या सुमाराला दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली होती. तेवढ्या दोन-चार तासांसाठी महागडी वीज विकत घ्यायची, किंवा वर्षभर रिकामी राहणारी क्षमता बांधून ठेवायची, त्यापेक्षा साठवलेली वीज सोडणं परवडू शकतं. शिवाय उपकेंद्रात जागा असते, कुंपण असतं, पहारा असतो, आग विझवायची सोय असते.

पण आपला नियम लावून पाहा. उपकेंद्रातली बॅटरी उपकेंद्रात येणाऱ्या लाइनींना आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरला आराम देते, आणि कंपनीचा वीजखरेदीचा खर्च वाचवते. गल्लीतला चारशे केव्हीएचा डबा मात्र तिच्या पुढे आहे. तो होता तसाच तापणार. आमच्या त्या आजोबांच्या घराला उपकेंद्रातल्या बॅटरीने काहीच फरक पडला नसता.

दुसरं ठिकाण गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे, घरांच्या बाजूला, चारशे व्होल्टच्या लाइनीवर. त्या मापाची बॅटरी कशी असते हे पाहायचं तर दिल्लीतच राणीबागेच्या उपकेंद्रात २०२१ मध्ये एक बसवली गेली: दीडशे किलोवॅट, ५२८ युनिटांची. एवढी बॅटरी मोठ्या वसाहतीच्या ट्रान्सफॉर्मरला जोडता येते. तिच्या मागे ट्रान्सफॉर्मर आला, अकरा केव्हीचा फीडर आला, उपकेंद्र आलं आणि शहरही आलं. म्हणजे एकच बॅटरी चौघांना आराम देते. पण तिचा फायदा वाटून घेणारी घरं कमी झाली, आणि जागेचा प्रश्न आला. शहरातल्या दाट वस्तीत ट्रान्सफॉर्मरलाच जागा मिळत नाही, बॅटरीच्या कपाटाला कोण देणार?

तिसरं ठिकाण घर. तुम्ही म्हणाल, घरात कुठे आहे बॅटरी? आहे की. जिन्याखाली, पितळी डब्यांच्या शेजारी, इन्व्हर्टरची. दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिटं. आमच्या वसाहतीतल्या तीनशे घरांत प्रत्येकी एक धरली तर पाचशे चाळीस युनिटं होतात. म्हणजे राणीबागेतल्या बॅटरीएवढा साठा आमच्या त्या वसाहतीत आधीपासूनच होता! लोकांनी तो स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता. आणि तरीही ट्रान्सफॉर्मर जळाला.

असं का झालं? कारण ती प्रत्येक बॅटरी फक्त आपल्या मालकासाठी, आणि फक्त वीज गेल्यावर काम करते. ट्रान्सफॉर्मर तापत असताना ती भरलेली आणि स्वस्थ बसलेली असते. आणि खरी गंमत पुढे आहे. वीज परत आली की तीनशे बॅटऱ्या एकदम भरायला लागतात. प्रत्येकी दोनशे-अडीचशे वॅट धरले तर साठ-पंचाहत्तर किलोवॅट. त्याच क्षणी सगळे एसी, सगळे फ्रीज, सगळ्या पाण्याच्या मोटारी एकत्र सुरू होतात. लाइनमन लाइन चालू करतो आणि ती पुन्हा पडते. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. आठवा, आमच्या ट्रान्सफॉर्मरवर जास्तीचा भारसुद्धा साठच किलोवॅट होता. जी वीज त्याला वाचवू शकली असती, तेवढ्याच विजेचा बोजा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यावर टाकत होतो. म्हणून मी म्हणतो, साठा कमी पडला हे अर्धंच निदान आहे. तो कुठे ठेवलाय आणि तो कुणाच्या सांगण्यावरून भरतो, हे उरलेलं निदान.

आता जरा तारांकडे वळू. एकाच लाइनीवर बॅटरी सुरुवातीला ठेवावी, मध्ये की शेवटी? त्यासाठी एक सोपं उदाहरण. समजा एक किलोमीटरची लाइन आहे, तिच्यावर घरं सारख्या अंतरावर आहेत आणि सगळी मिळून शंभर अँपिअर घेतात. तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की गळती चौपट. आता आपल्याकडे वीस अँपिअर देणारी बॅटरी आहे. ती लाइनीच्या सुरुवातीला ठेवली तर या तारेतली गळती एका पैशानेही कमी होत नाही. बरोबर मध्यावर ठेवली तर त्या वेळेपुरती गळती एकोणचाळीस टक्क्यांनी घटते. नऊशे मीटरवर ठेवली तर जवळजवळ एकोणपन्नास टक्क्यांनी. भार शंभराचा, बॅटरी फक्त वीसची, आणि गळती निम्म्याने कमी!

नऊशेच का? बॅटरीचा निम्मा प्रवाह पुढच्या घरांना जावा आणि निम्मा मागच्या घरांना, अशी ती जागा आहे. तिथून पुढे दहा अँपिअरची घरं उरतात, म्हणजे विसाचे निम्मे. चाळीस अँपिअरची बॅटरी असती तर हीच जागा आठशे मीटरवर आली असती. म्हणजे बॅटरी जितकी लहान, तितकी ती शेवटाकडे ठेवायची. कपॅसिटर कुठे बसवायचा याचा जुना 'दोन-तृतीयांश'चा नियम ज्यांनी इंजिनिअरिंगला पाठ केला असेल, त्यांना हे नातं ओळखीचं वाटेल.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. लिथियमच्या बॅटरीत शंभर युनिटं भरली तर परत साधारण पंच्याऐंशीच मिळतात. चांगल्या लाइनीतली गळती वाहणाऱ्या विजेच्या काही टक्केच असते. तेव्हा केवळ गळती वाचवायला बॅटरी घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गळतीतली बचत हा वरकड फायदा धरा. खरं कारण दुसरं असायला हवं: ट्रान्सफॉर्मर वाचवणं, नवी केबल टाळणं, महाग वेळेची खरेदी टाळणं, किंवा लाइनीच्या शेवटी पडणारा व्होल्टेज सावरणं.

आणि आणखी एक प्रामाणिक गोष्ट. आमच्या त्या वसाहतीत चारशेच्या जागी सहाशे तीसचा ट्रान्सफॉर्मर बसवायला जागा असेल आणि मागची केबल पुरेशी जाड असेल, तर तोच करावा. तो बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो. बॅटरीची पाळी कधी येते? मोठा ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हणजे भर बाजारातून नवी केबल खणावी लागते, किंवा नव्या उपकेंद्राला शहरात जमीनच मिळत नाही तेव्हा. किंवा एकच बॅटरी तीन-चार कामं करून आपला खर्च भरून काढते तेव्हा.

तीन-चार कामं म्हटलं की वेळेचा प्रश्न येतो. शहराची मागणी दुपारी तीनला शिखरावर, आणि गल्लीची रात्री अकराला. कंपनीने दुपारी बॅटरी रिकामी करून पैसे वाचवले आणि रात्री ती अर्धीच भरलेली असली, तर गल्ली अंधारात. म्हणून एक पक्की शिस्त हवी: ज्या जागेसाठी बॅटरी तिथे ठेवली, त्या जागेच्या वाट्याची युनिटं राखीव. उरलेल्यात व्यापार करा. भरण्याची वेळही अशीच निवडायची. रात्री एकला भार उतरला की लगेच भरायला घेऊ नये, तेव्हा ट्रान्सफॉर्मर अजून गरमच असतो. पहाटे भरावी, किंवा त्याहून बरं, दुपारी.

दुपार म्हणजे छतावरचं सौर. पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवायचं उद्दिष्ट आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण एका लाइनीच्या शेवटच्या दहा घरांनी पॅनेल लावले आणि दुपारी सगळे कामावर गेले, तर वीज उलटी वाहते आणि शेवटच्या टोकाला व्होल्टेज चढतो. मर्यादेबाहेर गेला की सौर इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. मग शेवटच्या घरातल्या बाई फोन करतात, "ऊन कडकडीत आहे आणि मीटरवर युनिट पडत नाही!" तिथे, त्या टोकाला, बॅटरी असेल तर तीच वीज दुपारी पिऊन रात्री अकराला देते. एका जागी दोन्ही दुखणी बरी. गुजरातेत मोढेऱ्याला याचं मोठं रूप पाहायला मिळतं. तिथे सहा मेगावॅटचा सौर प्रकल्प, पंधरा मेगावॅट-तासांची बॅटरी आणि तेराशेहून जास्त घरांवर पॅनेल आहेत. सूर्यमंदिराच्या गावी दिवसाची वीज रात्री वापरण्याचा हा प्रयोग २०२२ पासून चालू आहे.

आणि जिथे बॅटरी लागतच नाही तिथे ती ठेवू नये. महाराष्ट्रात २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काय करते? शेतीच्या फीडरच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारते आणि शेतकऱ्याला दिवसा वीज देते. पंप दिवसा चालला, पाणी शेततळ्यात किंवा टाकीत चढलं, की साठा झालाच. रात्री पाणी द्यायला जाताना साप-विंचवाची भीती असते, ती टळली हे वेगळंच. वापराची वेळ सरकवणं ही सगळ्यात स्वस्त बॅटरी. २०२३ च्या नियमांनी आता वेळेनुसार दर आणले आहेत. सौर तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त, आणि मागणीच्या तासांत महाग. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी ही तरतूद १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. फक्त शेती वगळली आहे. तुमची वॉशिंग मशीन, गिझर आणि इन्व्हर्टरसुद्धा त्या तासांत चालवता आले, तर गल्लीचा ट्रान्सफॉर्मर तुम्हाला दुवा देईल.

शेवटी सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अशाच एका बॅटरीच्या बंद खोलीत स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. आज बहुतेक ठिकाणी वापरलं जाणारं लिथियम आयर्न फॉस्फेट रसायन तुलनेने शांत आहे, पण आगीपासून मुक्त नाही. म्हणून जिन्याखाली, शाळेच्या भिंतीला लागून, किंवा जिथे बंब पोचणार नाही अशा बोळात मोठी बॅटरी नको. मग शेवटच्या टोकाची नऊशे मीटरवरची 'उत्तम' जागा सोडून सातशे मीटरवरचं मोकळं मैदान घ्यावं लागलं तरी ते घ्यावं. गणितात थोडं जातं, जाऊ द्यावं.

दुसरा धोका लाइनमनचा. पूर्वी वरून स्विच काढला की लाइन मेली असं समजायचे. आता पुढच्या बाजूला बॅटरी आहे, छतावर सौर आहे. मागून वीज बंद केली तरी पुढून येऊ शकते. वीज गेल्याबरोबर बॅटरी आपोआप सुटी व्हायलाच हवी, आणि लाइनमनने दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावता कामा नये. बॅटरी बसवताना खर्चाच्या अंदाजपत्रकात लाइनमनच्या प्रशिक्षणाची ओळ आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

तुम्ही काय करू शकता? डिसेंबर २०२२ च्या वीज नियमांनुसार अशी साठवण वितरण कंपनीही उभारू शकते आणि दुसरी कंपनीही. पण तिचा खर्च वीज दरात येतो, आणि वीज दर ठरवताना राज्याचा नियामक आयोग ग्राहकांच्या सूचना आणि हरकती मागवतो. तिथे लिहा. चार प्रश्न पुरेत: ही बॅटरी नेमक्या कुठल्या यंत्राला आराम देणार? दिवसातल्या कुठल्या तासांत? त्या तासांसाठी किती युनिटं राखीव? आणि हेच काम मोठ्या ट्रान्सफॉर्मरने किंवा वेळ बदलून स्वस्तात होत नाही ना?

त्या आजोबांना मी त्या रात्री नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज दिलं असतं: आजोबा, तो रात्रीच जळतो कारण आपण सगळे त्याला रात्रीच एकदम हाक मारतो, आणि त्याला मदत करू शकेल अशी वीज आपापल्या जिन्याखाली ठेवून बसतो.

उद्या बाहेर पडाल तेव्हा आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचा. किती केव्हीए लिहिलंय ते बघा, आणि त्यावर किती घरं आहेत ते मोजा. आकडे खाली लिहून कळवा, पुढच्या भागात त्यांवर बोलू.